नायक अपात्र वाटला तर

भिवंडीच्या एखाद्या गोदामात पंधरा वर्षे मालाची नोंद ठेवणारा आपला एक बांधव आहे, असे समजा. एके दिवशी त्याच्यावर पंचविशीतला सुपरवायझर नेमला जातो. त्याला माल ओळखता येत नाही, गाड्यांच्या वेळा ठाऊक नाहीत. तरी आल्या आल्या तो जुनी पद्धत बदलून टाकतो. दुपारी चहाच्या टपरीवर त्याची नक्कल सुरू होते. जुहरची नमाज अदा करून आलेला आपला बांधवही त्या हास्यात सामील होतो.

ही अडचण सहाबांसमोरही आली होती. हिजरी सन ८ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जातुस्सलासिलच्या मोहिमेवर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना नायक करून पाठविले. त्यांना इस्लाम स्वीकारून अवघे काही महिने झाले होते. मागाहून हजरत अबू उबैदा (रजि.) कुमक घेऊन पोहोचले. त्या कुमकेत हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) होते. नेतृत्व कोणाचे, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा अबू उबैदांनी वाद न वाढविता अम्र यांचे नेतृत्व मान्य केले. ज्येष्ठता, त्याग, प्रेषितांचा सहवास, सर्व बाबतींत अम्र यांच्या पुढे असलेली ही माणसे त्यांच्या हाताखाली राहिली.

रात्री कडाक्याची थंडी पडली. अम्र यांनी शेकोटी पेटविण्यास मनाई केली. सैनिक कुडकुडत होते आणि हा हुकूम कोणालाच उमगत नव्हता. हजरत उमर (रजि.) संतापले. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना आवरले: युद्धकलेची जाण आहे म्हणूनच प्रेषितांनी यांना आपल्यावर नेमले आहे, असा त्यांच्या समजावणीचा आशय होता.

परतल्यावर मात्र सैनिकांनी प्रेषितांपाशी तक्रार केली. अम्र यांना विचारणा झाली. आपली संख्या थोडी होती, जाळाच्या उजेडात ती शत्रूला दिसली असती, असे त्यांनी सांगितले, आणि प्रेषितांनी (स.) त्यांची कृती योग्य ठरविली. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. अंधारात दिसणारी अकार्यक्षमता पुष्कळदा आपल्याला न कळलेले कारण असते. आणि तक्रार केल्याबद्दल सैनिकांना कोणी दोष दिला नाही. त्यांनी ती निवाडा करू शकणाऱ्याकडे नेली होती.

नेहमीच नायक बरोबर असतो, असे मात्र नाही. दुसऱ्या एका मोहिमेत रागावलेल्या नायकाने आग पेटवून सैनिकांना तीत उडी घेण्यास सांगितले. ते थबकले. प्रेषितांनी (स.) त्यांचे थबकणे योग्य मानले आणि आज्ञापालन केवळ भल्या गोष्टींत असते, हे स्पष्ट केले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

कंपनीचा सुपरवायझर हा काही प्रेषितांनी नेमलेला सेनानायक नव्हे, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण आपण पगार घेतो तो एका कराराखाली, आणि करार पाळण्याची आज्ञा दिव्य कुरआनात आहे. म्हणून नवी पद्धत पटली नाही तरी काम मन लावून करावे; ते मुद्दाम बिघडू देऊन त्याचे अपयश सिद्ध करणे हा विश्वासघात होय. आधी त्याला एकांतात विचारावे, ‘साहेब, असे का ठरविले?’ चूक दिसली तर तिथेच, चारचौघांत नव्हे, सांगावी. खोटी बिले करण्यास किंवा कामगारांचा जीव धोक्यात घालण्यास सांगितले, तर नकार द्यावा आणि वरिष्ठांना लेखी कळवावे. अन्यायाची दाद अधिकाऱ्याकडे मागणे गीबत ठरत नाही, असे इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये नोंदविले आहे. टपरीवरची नक्कल मात्र त्या सवलतीत बसत नाही.

त्या बांधवाजवळ पंधरा वर्षांचे ज्ञान आहे. कोणती गाडी केव्हा लागते, कोणता माल ओलीपासून जपावा लागतो, हे त्या तरुणाला कोणी शिकविलेले नाही. उद्या सकाळी गोदाम उघडताना त्याच्यासोबत एक फेरी मारण्यास अर्धा तास पुरेल.