माउसला हात न लावता दोन मॉनिटरवर काम

दोन मॉनिटर जोडले की नजर सहज इकडून तिकडे जाते, पण कीबोर्ड आधीच्याच विंडोला बांधलेला राहतो. आपण डावीकडे पाहत टाइप करतो आणि अक्षरे उजवीकडे उमटतात. ज्या विंडोत अक्षरे उमटतात, तिच्यावर ‘फोकस’ आहे असे म्हणतात. विंडोज १० आणि ११ मध्ये हा फोकस विंडोवर असतो, मॉनिटरवर नाही, आणि ‘पलीकडच्या मॉनिटरवर जा’ असा थेट शॉर्टकट त्यांत दिलेला नाही. त्यामुळे आपल्याला जायचे असते ते मॉनिटरवर नव्हे, तिथल्या नेमक्या विंडोवर. पुढील क्रम त्याच हिशोबाने ठेवला आहे.

१. विंडोज-की आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे. मग विंडोज-की आणि आय दाबून सेटिंग्ज उघडावीत आणि ‘सिस्टीम’मधील ‘डिस्प्ले’मध्ये जावे. टेबलावर जो मॉनिटर डावीकडे आहे, तो तिथल्या आकृतीतही डावीकडेच असायला हवा. आकृती उलटी असेल, तर पुढचे बाणाचे शॉर्टकट उलट दिशेने चालतील.

२. फोकस कुठे आहे हे दिसायला हवे. ‘पर्सनलायझेशन’मधील ‘कलर्स’मध्ये टायटल बारवर रंग दाखवण्याचा पर्याय सुरू करावा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये चालू विंडोची वरची पट्टी मग रंगीत दिसते. पासवर्ड किंवा खासगी मजकूर भलत्याच विंडोत जाण्याचा धोका यामुळे बराच कमी होतो, म्हणून ही पायरी वगळू नये.

३. प्रत्येक प्रोग्रॅमची जागा ठरवावी. भाषांतर करणाऱ्याने मूळ पीडीएफ डावीकडे आणि वर्ड उजवीकडे ठेवावे, आणि रोज तसेच ठेवावे. विंडो हलवण्यासाठी विंडोज-की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबावा. चालू विंडो शेजारच्या मॉनिटरवर जाते आणि फोकसही तिच्यासोबतच राहतो. विंडो पडद्याबाहेर हरवली असेल, तर ऑल्ट-टॅबने तिच्यावर फोकस आणून हाच शॉर्टकट वापरावा.

४. आता मुख्य सवय. रोजचे प्रोग्रॅम टास्कबारवर पिन करावेत आणि त्यांचा क्रम कायम ठेवावा. विंडोज-की आणि १ दाबले की पहिला प्रोग्रॅम, २ दाबले की दुसरा. तो कोणत्याही मॉनिटरवर असला तरी फोकस थेट तिथे पोहोचतो. एकाच प्रोग्रॅमच्या अनेक विंडो उघड्या असतील, तर विंडोज-की धरून तोच आकडा पुन्हा दाबत जावे. सोबत कंट्रोलही धरली, तर त्या प्रोग्रॅमची शेवटी वापरलेली विंडो समोर येते. बोटांना आकडे पाठ झाले की ऑल्ट-टॅबमध्ये विंडो शोधत बसावे लागत नाही. फक्त आकड्यांचा हा एकच शॉर्टकट शिकला, तरी चालेल.

५. काम दोनच विंडोंत असेल, तर ऑल्ट-टॅब एकदा दाबून सोडावे. फोकस आधीच्या विंडोवर परततो. एक विंडो डावीकडे आणि एक उजवीकडे असेल, तर हाच आपला मॉनिटर बदलण्याचा शॉर्टकट ठरतो.

६. विंडोज-की, कंट्रोल आणि बाण हा शॉर्टकट तिसऱ्या पायरीतल्या शॉर्टकटपेक्षा वेगळा आहे. तो व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे विंडोंचा अख्खा संच, बदलतो आणि तोही सर्व मॉनिटरवर एकदम. शिफ्टऐवजी कंट्रोल दाबली गेली आणि सगळे नाहीसे झाल्यासारखे वाटले, तर उलटा बाण दाबावा.

लिनक्स वापरणाऱ्यांना मॉनिटरनिहाय फोकस मिळू शकतो. एक्समोनॅड या विंडो मॅनेजरमध्ये मॉड-की, म्हणजे मुळात डावी ऑल्ट, हिच्यासोबत डब्ल्यू, ई आणि आर या कळा अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मॉनिटरवर नेतात. केडीई या डेस्कटॉपमध्ये असे शॉर्टकट सेटिंग्जमधून स्वतः नेमता येतात. विंडोजवर तशीच सोय हवी असेल, तर ऑटोहॉटकी या मोफत प्रोग्रॅममध्ये छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. मात्र चौथी पायरी अंगवळणी पडल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.