‘पुट ऑफ’ या इंग्रजी प्रयोगाचे अर्थ



इंग्रजीतले लांबलचक शब्द शिकणाऱ्याला फारसे अडवीत नाहीत. शब्दकोश उघडला की ते सापडतात. खरी अडवणूक करतात ते दोन-तीन अक्षरांचे शब्द, आणि तीही ते जोडीने आले म्हणजे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर किंवा बाजूला, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे काय असे विचारले, तर बहुतेकजण ‘पुढे ढकलणे’ एवढेच सांगून थांबतात. हे उत्तर बरोबर आहे, परंतु निम्मे. आपल्या घरांतून मुंबईचे नातलग इंग्रजीत लिहितात आणि येथली नातवंडे ते वाचून हिब्रूत सांगतात. अशा ठिकाणी उरलेले निम्मे ठाऊक नसले तर घोटाळा होतो.

आधी ओळखीचा अर्थ घेऊ. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’, म्हणजे सभा पुढे ढकलली, लांबणीवर टाकली. सभा होणार आहे, फक्त आज नाही. ती मुळीच होणार नसेल तर इंग्रज ‘कॉल्ड ऑफ’ म्हणेल, म्हणजे रद्द. हा फरक लग्नाच्या बाबतीत तर फारच जपावा लागतो.

या अर्थाचे भाऊबंद पुष्कळ आहेत. ‘पोस्टपोन’ हा त्यांतला दरबारी पोशाखातला. मूळ लॅटिन, अर्थ ‘नंतर ठेवणे’. ‘डिफर’ कागदोपत्री शोभतो. ‘अ‍ॅडजर्न’ बहुधा चालू असलेल्या कामकाजाला लावतात, सभेला किंवा कोर्टातल्या खटल्याला. ज्याला मुंबईत आपण ‘पुढची तारीख पडली’ म्हणत असू तोच हा. ‘शेल्व्ह’ म्हणजे फळीवर ठेवून देणे. आपल्याकडे असे काम ‘बासनात गुंडाळतात’. ‘डिले’ मात्र निराळा. गाडीला आपोआप उशीर झाला तर ती ‘डिलेड’ होते, ‘पुट ऑफ’ होत नाही, कारण पुढे ढकलण्यामागे कोणाचा तरी निर्णय असावा लागतो. आणि ‘प्रोक्रॅस्टिनेट’ या अवघड शब्दाच्या पोटात लॅटिन ‘क्रास’, म्हणजे ‘उद्या’, लपलेला आहे. आजचे उद्यावर टाकणाऱ्या माणसाला इतका नेमका शब्द आम्हांस दुसरा माहीत नाही.

येथे एक सूचना. ‘पुट ऑफ’च्या उलट ‘पुट ऑन’ नव्हे. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे. तारीख अलीकडे आणली तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावे. आपण मुंबईकर तेथे सर्रास ‘प्रीपोन’ म्हणतो. तो शब्द भारतात रुळला आणि ऑक्सफर्डच्या कोशाने तो भारतीय इंग्रजी म्हणून नोंदविला आहे. शब्द सुटसुटीत आहे, आमची त्यावर मुळीच नाराजी नाही; पण लंडनच्या माणसाला तो कळेलच असे नाही.

आता दुसरे निम्मे. ‘हिज मॅनर पुट मी ऑफ’. येथे कोणी कोणाला पुढच्या तारखेवर ढकललेले नाही. त्याच्या वागण्याने माझे मन उडाले, असा अर्थ आहे. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’, त्या वासाने माझी अन्नावरची वासनाच उडाली. ‘डोन्ट टॉक, यू आर पुटिंग मी ऑफ’, बोलू नकोस, माझे लक्ष उडते. पाहा, मन, वासना, लक्ष, तिन्ही ठिकाणी मराठीत ‘उडणे’ चालले. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की ‘पुट ऑफ’ समोर आला की आधी ठरवा, येथे ‘ढकलणे’ आहे की ‘उडणे’. या दुसऱ्या अर्थाचे इंग्रजी भाऊबंदही वेगळे: किळस असेल तर ‘रिपेल’, धीर खचला तर ‘डिस्करेज’, लक्ष विचलित झाले तर ‘डिस्ट्रॅक्ट’.

या दोहोंच्या मधला एक अर्थ आहे, तो कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्यांना चांगला समजेल. ‘दे पुट मी ऑफ विथ एक्स्क्यूजेस’, सबबी सांगून मला झुलवत ठेवले. बाकीचे दोन-तीन अर्थ किरकोळ आहेत. ड्रायव्हर प्रवाशाला गाडीतून उतरवतो तोही ‘पुट ऑफ’. दिवा मालवणे हाही अर्थ आपल्या शाळांत शिकविला जाई, पण आता ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ म्हणावे. आणि 1611 सालच्या इंग्रजी बायबलात, शेमोतच्या तिसऱ्या अध्यायात, मोशे रबेनूंना जोडे काढण्याची आज्ञा होते तेथेही हेच क्रियापद आहे. आज कोणी असे बोलत नाही.

आम्हांस या सर्वांत जास्त नवल वाटते ते आपल्या हिब्रूचे. ‘दाखा’ हे क्रियापद पाहा. पेगिशा पुढे ढकलली तरी ‘दाखा’, आणि किळस येईल अशी वस्तू ‘दोखे’. इंग्रजीचे ढकलणे आणि उडणे दोन्ही या एका धातूत आहेत. तिशा बेआव, ज्याला आपले वडीलधारे ‘बिरड्याचा सण’ म्हणत, शब्बाथला आला तर उपास रविवारी धरतात. 2022 साली तसे झाले. अशा उपासाला ‘निद्खे’ म्हणतात. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूला सारावा लागतो, तेथेही ‘दोखे’च. मात्र त्या ठिकाणी इंग्रजीत ‘पुट ऑफ’ चालणार नाही, ‘ओव्हरराइड’ म्हणावे लागेल.

पण ‘दाखा’चा आणखी एक अर्थ इंग्रजी ‘पुट ऑफ’मध्ये सहसा नसतो: नाकारणे. आणि येथेच पाय घसरतो. आमच्या ओळखीच्या एका घरी मुंबईहून दोन ओळी आल्या. ‘प्रपोजल पुट ऑफ’ केले आहे, मुलाच्या वडिलांची प्रकृती ठीक नाही. नातवाने आजीला हिब्रूत सांगितले, ‘हाहत्साआ निद्खेता’. मुलगा हुशार, भाषांतरात शब्दाला शब्द बरोबर. परंतु आजीने हा शब्द ऐकलेला होता तो कचेरीतल्या उत्तरांत, जेथे ‘बकाशा निद्खेता’ म्हणजे अर्ज नामंजूर. तिने ओळखले की आपली मुलगी नाकारली, वर आजारपणाची सबब सांगितली. नव्या वर्षाच्या शुभेच्छासुद्धा त्या घरी गेल्या नाहीत. तिकडे मंडळी म्हणत होती की आजारी माणसाची साधी विचारपूस नाही. आठ-नऊ महिन्यांनी तिसऱ्याच नातलगाने दोन्हीकडचे ऐकले तेव्हा उलगडा झाला. तोवर त्या मुलाचे वडील निवर्तले होते. नातवाने ‘अंतरच्या तारखेपर्यंत’ अशा अर्थाचे दोन शब्द जोडले असते, किंवा आजीने मूळ मजकूर मराठीतून कोणाकडून ऐकला असता, तर एवढे झाले नसते.

आता थोडे व्याकरण. ‘पुट ऑफ’नंतर क्रियापद आले तर ‘इंग’ लावावे: ‘ही पुट ऑफ गोइंग’. ‘पुट ऑफ टू गो’ चूक. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी कोठेही चालते, पण सर्वनाम मध्येच हवे: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कधीही म्हणू नये.

मध्ये वस्तू किंवा प्रसंग असेल तर बहुधा ‘ढकलणे’. मध्ये माणूस असेल तर ‘उडणे’ किंवा ‘झुलवणे’. यालाही अपवाद आहे. ‘वी पुट द गेस्ट्स ऑफ’ याचा अर्थ पाहुण्यांना ‘आत्ता येऊ नका, नंतर या’ असे कळविले, असाही होतो आणि आमच्या वागण्याने पाहुण्यांचे मन उडाले, असाही होतो. मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय या वाक्याचे भाषांतर करू नये, आणि नातवंडांनाही करू देऊ नये.