थंड घरातील ओल आणि यंत्राची निवड

धान्याच्या व्यापारात ओलाव्याशी आमचा जन्मभराचा परिचय. गव्हात १२ टक्क्यांहून अधिक ओल असली, तर भाव कितीही उतरता असो, ते पोते आम्ही वखारीत दीर्घकाळ ठेवीत नाही. हाच विवेक घराच्या बाबतीत आम्हांस सुचला नाही, व त्याचे मोल द्यावे लागले. तो अनुभव व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहो.

आमची कन्या इंग्लंडात लेस्टर येथे राहते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे असता, न तापविलेल्या मागील खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी धरली. नातवाचा खोकलाही हटेना. 'दिवसास २० लिटर पाणी ओढते' ही जाहिरात वाचून हवेतील ओल काढणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, आम्हीच आग्रहाने घेवविले. खोलीचे उष्णतामान होते १० अंश सेल्सियस. यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरे, आणि सकाळी भांड्यात पेलाभरही पाणी नसे.

ही यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. कॉम्प्रेसरच्या यंत्रात हवा थंड नळ्यांवरून जाते, व गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून दव सुटावे तसे तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. उबदार खोलीत हे काम थोड्या विजेत होते. परंतु उष्णतामान १५ अंशांखाली गेले की नळ्या गोठू लागतात, व बर्फ वितळविण्यातच वेळ जातो. दुसऱ्या प्रकारात सिलिका जेल वा झिओलाइट यांसारख्या शोषक द्रव्याचे चाक फिरते. ते ओल शोषते व आतील उष्णतेने पुन्हा कोरडे होते. त्यास थंडीची बाधा नाही. वीज अधिक लागते, पण तिची ऊब खोलीतच राहते.

जाहिरातीतील २० लिटरांचा आकडा बहुधा ३० अंश उष्णतामान व ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. तो आमच्या खोलीचा हिशेबच नव्हता!

तेव्हा प्रथम खोलीचे उष्णतामान व आर्द्रता मोजावी. खोली २० अंशांच्या आसपास राहत असल्यास कॉम्प्रेसर घ्यावा. बेळगावच्या पावसाळ्यातही तोच किफायतशीर. १५ अंशांखाली राहणाऱ्या खोलीस शोषक चाक बरे. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राखावी. मात्र गळके छप्पर वा घरात वाळत घातलेले कपडे यांचा बंदोबस्त आधी करावा.

आम्ही यंत्र बदलून घेतले. खोकला औषधाने गेला की कोरड्या हवेने, ते वैद्य जाणोत. भिंत मात्र पुन्हा काळी झाली नाही. नमुना पाहिल्यावाचून सौदा करू नये, हा पेढीचा नियम घरासही लागू आहे, एवढेच सांगणे.