जखमी सरडगुहिऱ्याची प्राथमिक शुश्रूषा

शेताच्या कुंपणावर, बांधावरील बोरी-बाभळींवर किंवा विहिरीकाठच्या लिंबावर संथपणे डोलत चालणारा हिरवा प्राणी बहुतेक शेतकरी बंधूंनी पाहिलेला असेल. यालाच सरडगुहिरा म्हणतात. काही भागांत घोयरा असेही म्हणतात. इंग्रजी ग्रंथांतील शॅमेलिऑन तो हाच होय. भारतात याची एकच जात आढळते. कुंपणावर मान हलवीत बसणारा, माणसाची चाहूल लागताच सुळकन पळणारा नेहमीचा सरडा वेगळा. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून ओळखीच्या खुणा प्रथम सांगतो. सरडगुहिऱ्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते व डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो. डोळे कातडीने झाकलेल्या शंकूसारखे असून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे फिरतो. पायाची बोटे दोन गटांत जोडलेली असल्यामुळे पाऊल चिमट्यासारखे दिसते. शेपटीने तो फांदीला वेढा घालतो.

हा प्राणी विषारी नाही. त्याच्या दातांत, लाळेत किंवा श्वासात विष नसते. पकडले असता तो अंग फुगवितो, तोंड वासून फुसकारतो, क्वचित चावतोही. परंतु चिमटा बसण्यापलीकडे त्यापासून अपाय होत नाही. असे असताही केवळ भीतीपोटी त्यास दगडांनी ठेचले जाते, ही खेदाची गोष्ट होय. आपल्या लांब चिकट जिभेने तो नाकतोडे, माश्या, अळ्या असे कीटक टिपून खातो. तो पिकास तोंड लावीत नाही.

जखमी सरडगुहिरे सापडण्याचे दोन हंगाम मुख्यतः दिसून येतात. उन्हाळ्यात बांध जाळणे, कुंपण तोडणे व झुडपे साफ करणे ही कामे चालतात, तेव्हा भाजलेले किंवा कोयत्याचा घाव लागलेले प्राणी मिळतात. त्याची गती मंद असल्यामुळे आग लागताच पळून जाणे त्यास साधत नाही. पावसाळा सरल्यानंतर मादी अंडी घालण्यासाठी झाडावरून खाली उतरते. त्या वेळी रस्ता ओलांडताना ती वाहनाखाली सापडते, अथवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाते. यांखेरीज द्राक्षबागांवरील पक्ष्यांच्या जाळ्यात अडकलेले आणि मुलांनी पायाला दोरा बांधून खेळविलेले प्राणी बारा महिने आढळतात.

असा प्राणी घरी आणल्यावर काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. परंतु त्याआधी काय करू नये हे सांगणे अधिक अगत्याचे वाटते, कारण जखमेपेक्षा सद्हेतूने केलेल्या उपचारांनीच पुष्कळदा अधिक हानी होते. जखमेत हळद, चुना, राख किंवा तंबाखू भरू नये. रॉकेल वा फिनाईल लावू नये. दूध पाजू नये. हा सस्तन प्राणी नव्हे व दूध त्यास पचत नाही. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांचा अंशही देऊ नये. भांड्यात पाणी ओतून त्यात त्याचे तोंड बुडवू नये. मोडलेल्या पायास काड्या बांधू नयेत. गाई-बैलांच्या बाबतीत उपयोगी पडणारे ज्ञान या लहानशा थंड रक्ताच्या जीवास जसेच्या तसे लागू पडत नाही.

उचलण्याची रीत अशी. फांदीला धरून बसला असेल तर ओढून काढू नये. चिमट्यासारखी पावले सोडविताना बोटे निखळतात. ती लहानशी फांदीच छाटून घ्यावी, अथवा त्याच्या पुढील पायांसमोर दुसरी काठी धरावी, म्हणजे तो आपण होऊन तीवर चढतो. जमिनीवर निपचित पडला असेल तर दोन्ही हात खाली घालून पोटास आधार देत उचलावे. शेपटी धरून लोंबकळत नेऊ नये. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते. सरडगुहिऱ्याची तुटली तर पुन्हा येत नाही, आणि शेपटी हा त्याचा पाचवा हातच आहे. हाताळल्यानंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

ठेवण्यासाठी पुठ्ठ्याचे मध्यम आकाराचे खोके उत्तम. प्राणी आत ठेवण्यापूर्वीच बाजूंना पुष्कळ भोके पाडावीत. तळाशी स्वच्छ जुने सुती कापड अंथरावे आणि करंगळीएवढी जाड, खरबरीत सालीची काठी तळापासून चार बोटे उंचीवर आडवी पक्की बसवावी. ही काठी गौण समजू नये. पायांना पकड मिळाली नाही तर हा प्राणी सतत धडपडतो व तेवढ्यानेच थकून जातो. पकडण्याचे त्राण नसेल तर मात्र काठी न ठेवता कापडाच्या घडीवर निजवावे. खोके घरातील शांत, सावलीच्या व मोकळ्या हवेच्या कोपऱ्यात ठेवून झाकावे. उन्हात ठेवलेले बंद खोके अर्ध्या तासात भट्टी होते. उलट, थंडीच्या रात्री कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याला बाहेरून टेकवावी. एका खोक्यात दोन प्राणी ठेवू नयेत. ते एकमेकांस सहन करीत नाहीत. शेजारच्या मुलांना पुन्हा पुन्हा झाकण उघडून दाखविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आता जखमेविषयी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ सुती कापडाची घडी हलक्या हाताने पाच ते दहा मिनिटे दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये. नंतर अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून, ते पूर्ण थंड झाल्यावर त्याच्या बारीक धारेने माती व कचरा धुऊन काढावा. पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण घरी असेल तर फिक्या चहाचा रंग येईपर्यंत पाण्यात पातळ करून कापसाने लावावे. डोळे व तोंड वगळावे. यापुढे मलमपट्टीच्या फंदात पडू नये. भाजलेल्या अंगावर साधे थंड पाणी दहा मिनिटे हळूहळू सोडावे; बर्फ, तेल किंवा टूथपेस्ट लावू नये. पायाला दोरा किंवा जाळे आवळले असेल तर ओढू नये, बारीक कात्रीने एकेक धागा कापावा आणि सुजलेला भाग चोळू नये. जखमेत अळ्या दिसल्या तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

मांजराने धरलेल्या प्राण्याविषयी विशेष सावधगिरी हवी. मांजराच्या दातांचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते व वरून काहीच झालेले दिसत नाही. पण त्या वाटेने आत गेलेले जंतू एक-दोन दिवसांत प्राणी मारतात. तो काठीवर ठीक बसला आहे म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी पशुवैद्यकाने दिलेले प्रतिजैविक औषधच उपयोगी पडते.

पाणी पाजण्याची रीतही निराळी आहे. सरडगुहिरा साठलेले पाणी सहसा ओळखत नाही. पानांवरील दव व पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवितो. म्हणून खोक्यात हिरव्या पानांची डहाळी ठेवून तीवर पाण्याचे तुषार मारावेत, किंवा ड्रॉपरने ओठाच्या कडेला एकेक थेंब ठेवावा. त्याने जीभ हलविली तरच पुढचा थेंब द्यावा. बेशुद्ध किंवा मान टाकलेल्या प्राण्यास पाणी देऊ नये, ते फुफ्फुसात जाते. डोळे खोल गेलेले दिसणे हे अंगातील पाणी कमी झाल्याचे लक्षण होय. खाण्याची घाई मात्र नको. पूर्ण वाढलेला प्राणी एक-दोन दिवस अन्नावाचून सहज राहतो. मदत पोहोचण्यास त्याहून अधिक विलंब लागलाच, तर औषध न फवारलेल्या जागेतील एखादा जिवंत नाकतोडा समोर सोडावा. जबडा उघडून कोंबू नये.

त्याच्या रंगाबद्दल दोन शब्द लिहिणे जरूर आहे. ज्यावर बसेल त्याचा रंग हा प्राणी घेतो, अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः त्याचा रंग मुख्यतः ऊन-थंडी, भीती, राग व प्रकृती यांप्रमाणे पालटतो, आणि शुश्रूषा करणाऱ्यास हे सोयीचेच आहे. सावलीत निवांत ठेवूनही तो तासन् तास काळपट राहिला तर वेदना किंवा अतिशय भीती आहे असे समजावे. भर दिवसा डोळे मिटून बसणे हे तर निश्चित वाईट चिन्ह. रात्री मात्र तो डोळे मिटून, फिकट पडून झोपतो. कंदिलाच्या उजेडात पाहून तो मेला असे समजून फेकून देऊ नये.

पोट फुगलेली मादी आढळल्यास तो रोग समजू नये; ती बहुधा अंडी घालण्याच्या बेतात असते. ती जमिनीत बीळ खणून एका वेळी दहा ते तीस अंडी घालते व वरून माती लोटते. नांगरताना अशी पांढरी अंडी उघडी पडली तर ती न फिरविता, जी बाजू वर आहे तीच वर ठेवून, जवळच न नांगरलेल्या बांधाच्या ओलसर मातीत वीतभर खोल पुरावीत. अंडे उलटे झाल्यास आतील जीव मरण्याचा संभव असतो.

आता कायद्याची बाजू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सरडगुहिरा संरक्षित आहे. त्यास मारणे, विकणे किंवा हौसेने पाळणे हा गुन्हा होय. जखमी प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्यास कळविणे कायद्याने आवश्यक आहे. व्यवहारात मात्र ४८ तास थांबू नये. प्राणी खोक्यात ठेवताच वनरक्षकास निरोप धाडावा. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. वनकर्मचारी येण्यास वेळ लागत असेल तर त्यांना सांगून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मोटारसायकलवरून नेताना खोके हँडलला न लटकविता मागे बसलेल्याने मांडीवर धरावे.

बरे करून आपल्याच परसात ठेवावा, मुलांना त्याचा लळा लागला आहे, असे घरोघरी ऐकू येते. लळा खरा असतो. पण काड्यापेटीतून आणलेल्या चार माश्यांवर आणि खिडकीच्या उजेडावर हा प्राणी महिना-दोन महिन्यांत खंगत जातो. मुलांची आवड अवश्य उपयोगात आणावी: प्राणी नेमका कोणत्या झाडाजवळ, कोणत्या दिवशी सापडला हे त्यांच्याकडून पाटीवर किंवा वहीत लिहून घ्यावे. ही नोंद वनरक्षकास द्यावी, कारण बरा झालेला सरडगुहिरा सापडला त्याच परिसरात, सकाळचे ऊन पडल्यावर, झाडाच्या फांदीवर सोडावयाचा असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांध-सफाईच्या दिवसांत शेतकऱ्यांना आणखी एक गोष्ट सुचवावी. झुडूप पेटविण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे आणि कुंपण एकाच दिवशी सबंध न तोडता एका टोकाकडून तोडीत जावे, म्हणजे मंद चालीच्या या प्राण्यास दुसऱ्या टोकाकडे सरकण्यास अवधी मिळतो.