‘मेक अप’ वापरताना: काय करावे, काय टाळावे

‘मेकअप’ हा शब्द मराठी घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये त्याची वेगळी खोली असते, नाटकवाले त्यालाच रंगभूषा म्हणतात. पण हॉटेलच्या दाराला अडकवायच्या पाटीवरही ‘प्लीज मेक अप माय रूम’ असे छापलेले असते आणि साखर कारखान्यातला बॉयलरवाला इंजिनीअर ‘मेकअप वॉटर’ कमी पडल्याची तक्रार करतो. शब्दांची जोडी एकच, कामे मात्र निराळी.

क्रियापदाला अप, ऑफ, आउट असा छोटा शब्द जोडून नवाच अर्थ काढायची ही इंग्रजीची जुनी खोड आहे. परक्या माणसाला सर्वांत जास्त अडचण याच जोड्यांची होते, हे सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव त्यांना पुष्कळ नंतर, 1925 मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून मिळाले. ‘मेक अप’च्या बाबतीत प्रश्न परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही. ऑफिसच्या पत्रव्यवहारात हा शब्द भलत्या जागी पडला, तर सरळ माणसावर खोटेपणाचा संशय येतो.

काय करावे

शेजारचे नाम आधी पाहा. ‘मेक अप’चा अर्थ त्याच्या कर्मात असतो, बाकी सगळे त्यानंतर. पुढे ‘माइंड’ असेल तर मन पक्के करणे, ठरवणे. ‘स्टोरी’ किंवा ‘एक्सक्यूज’ असेल तर थाप मारणे, सबब रचणे. ‘टाइम’ किंवा ‘लॉस’ असेल तर भरून काढणे; उशिरा सुटलेली गाडी वाटेत वेग वाढवून वेळ भरून काढते, ती ‘मेक अप टाइम’. ‘रूम’ असेल तर खोली आवरणे. ‘प्रिस्क्रिप्शन’ असेल तर चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देणे. हा प्रयोग ब्रिटनमधल्या औषधाच्या दुकानातला. वर्तमानपत्राच्या कचेरीत ‘पेज’ मेक अप करणे म्हणजे आपल्याकडचे पान लावणे. आणि कर्म नसून दोन भांडलेली माणसे कर्ता असतील, ‘दे मेड अप’ असे म्हटले असेल, तर कट्टी संपून बट्टी झाली असे समजावे.

या सगळ्यांच्या तळाशी काय आहे ते ओळखा. ‘अप’ इथे ‘वर’ या अर्थाने येत नाही, काम पुरे झाल्याचे सांगतो. आपण ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांत जो फरक करतो, तोच इंग्रज ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत करतो. ‘मेक’ला हा ‘अप’ लागला की दोन वाटा फुटतात. एक, सुटे भाग जोडून अख्खी वस्तू उभी करणे: औषध, पान, अंथरूण, समिती, आणि तपशील जोडून उभी केलेली खोटी गोष्टही. दुसरी, पडलेली तूट भरणे. बॉयलरमधले थोडे पाणी वाफ, गळती आणि तळचे गाळाचे पाणी सोडणे यांत सतत जाते. तेवढेच नवे शुद्ध पाणी आत सोडावे लागते, ते मेकअप वॉटर. वाया गेलेला वेळ, बुडालेले पैसे, सामन्यात कमी पडलेला अकरावा गडी, हे सगळे याच वाटेने येतात. भांडणानंतरचा समेटही मला याच वाटेवरचा वाटतो. चेहऱ्याला रंग लावण्याचा अर्थ नटाच्या भूमिकेच्या तयारीतून आला आणि रंगमंचावरून एकोणिसाव्या शतकात बाहेर पसरला. तोही तसा पहिल्या वाटेचाच. या दोन वाटा ध्यानात राहिल्या तर अनोळखी वाक्यातही अर्थाचा अंदाज सहसा चुकत नाही.

मागून येणाऱ्या छोट्या शब्दाकडेही लक्ष द्या. ‘मेक अप फॉर’ म्हणजे उणीव भरून काढणे: ‘हर एक्स्पीरियन्स मेड अप फॉर द लॅक ऑफ अ डिग्री’, पदवी नव्हती, पण अनुभवाने ती कसर भरून निघाली. ‘मेक अप विथ’ पुढे माणूस येतो आणि अर्थ समेट. ‘मेड अप ऑफ’ म्हणजे अमुक घटकांचा बनलेला. ‘आय विल मेक इट अप टू यू’ हे वाक्य तर वेगळे जपून ठेवण्यासारखे आहे: तुझे माझ्यामुळे नुकसान झाले, मन दुखावले, त्याची भरपाई मी करीन. एवढा सगळा भाव इंग्रज माणूस त्या सात छोट्या शब्दांत सांगतो.

सर्वनाम मध्ये घाला. ‘ही मेड इट अप’ बरोबर, ‘ही मेड अप इट’ चूक. नाम असेल तर ते मध्येही चालते, नंतरही चालते.

जोर कुठे द्यायचा ते कान देऊन ऐका. नाम असेल तेव्हा जोर ‘मेक’वर, क्रियापद असेल तेव्हा ‘अप’वर. लिहितानाही क्रियापदाचे दोन शब्द सुटे ठेवावेत. नाम मात्र जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात.

काय टाळावे

आकडे, बिले, तारखा आणि अहवाल यांच्याजवळ ‘मेक अप’ लिहू नका. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. समजा पुण्यातल्या हिशेबनिसाने लंडनच्या ऑफिसला लिहिले: ‘आय विल मेक अप द फिगर्स बाय मंडे.’ त्याच्या मनात आहे, सोमवारपर्यंत आकडे तयार करून पाठवतो. लंडनला वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते: सोमवारपर्यंत आकडे मनाने घालून पाठवतो. व्याकरणाची चूक एकही नाही, त्यामुळे समोरचा ‘भाषेची गल्लत असेल’ असे म्हणून सोडूनही देत नाही. अशा जागी ‘प्रिपेअर’, ‘कम्पाइल’, ‘वर्क आउट’ हे शब्द आहेत, ते वापरावेत. ‘मेक अप द रिपोर्ट’चीही तीच गत.

‘शॉर्टफॉल’ किंवा ‘डिफरन्स’ मेक अप करीन असे सहज कबूल करू नका. इथे इंग्रजी बरोबर आहे, जबाबदारी मात्र मोठी आहे. ‘आय विल मेक अप द डिफरन्स’ म्हणजे कमी पडलेली रक्कम मी भरतो. फरक कशामुळे पडला ते शोधून सांगतो, एवढेच म्हणायचे असेल तर ‘आय विल ट्रेस द डिफरन्स’ असे लिहावे.

साक्ष, तक्रार, चौकशी यांत हा शब्द सैलपणे वापरू नका. ‘शी मेड अप द स्टेटमेंट’ याचा अर्थ तिने जबाब तयार केला असा होत नाही. तिने खोटा जबाब रचला, असा तो थेट आरोप आहे.

‘मेक’ आणि ‘मेक अप’ एकच धरू नका. ‘मेक द बेड’ म्हणजे उठल्यावर अंथरूण नीट करणे. ‘मेक अप अ बेड’ म्हणजे पाहुण्यासाठी गादी घालून, चादर-उशी देऊन झोपायची सोय करणे.

अमेरिकेतल्या ‘मेकअप एग्झॅम’ला आपली एटीकेटी समजू नका. आजारपणासारख्या कारणाने परीक्षा चुकली तर ती नंतर द्यायची सोय, हा तिचा नेहमीचा अर्थ. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांनी प्राध्यापकांना ‘मे आय मेक अप द टेस्ट आय मिस्ड?’ असे विचारावे. ते रीतसर आणि नम्र आहे. ‘मिस्ड’ हा शब्द गाळू नये, कारण गैरसमजाला जागा तिथेच राहते.

‘मेड अप’ ऐकले की लगेच खोटेपणा समजू नका. लिव्हरपूलच्या बाजूला ‘आय ॲम मेड अप’ म्हणजे मी भलताच खूश आहे. त्या भागातल्या रुग्णालयात नोकरीला लागलेल्या आपल्याकडच्या नर्सला बरा होऊन घरी निघालेला पेशंट असे म्हणाला, तर तो आनंद सांगतो आहे. ब्रिटिश पोलिसांत आणि लष्करात ‘मेड अप टू सार्जंट’ म्हणजे सार्जंटपदी बढती मिळाली.

बोलीतला शब्द अर्जात आणि करारात ओढू नका. तिथे ‘कॉम्पेन्सेट’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘इन्व्हेंट’, ‘रिकन्साइल’ जास्त नेमके बसतात. उलट, मित्रांशी बोलताना ‘वी रिकन्साइल्ड’ म्हणणे फार औपचारिक होते. तिथे ‘वी मेड अप’च शोभते. अपवाद ‘मेड अप ऑफ’चा. ते पत्रातही चालते आणि आपल्याकडच्या अर्जांत सर्रास दिसणाऱ्या ‘कॉम्प्रायझेस ऑफ’पेक्षा कितीतरी बरे, कारण ‘कॉम्प्राइज’ला ‘ऑफ’ लागत नाही.

अर्थांची यादी पाठ करू नका. गाइडमध्ये ‘मेक अप’पुढे दहा मराठी प्रतिशब्द स्वल्पविराम देऊन छापलेले असतात. परीक्षा झाली की ते विसरतात, आणि बोलताना त्यांतला कोणता घ्यायचा हे यादी सांगत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश मोबाइलवर फुकट पाहता येतात. त्यांत प्रत्येक अर्थाखाली पुरे वाक्य दिलेले असते. ते वाक्य कर्मासकट वहीत उतरवावे आणि त्याखाली आपल्या कामातले एक वाक्य लिहावे: बँकेतल्याने बँकेतले, वॉर्डमधल्या नर्सने वॉर्डमधले.

इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. फ्रेजल व्हर्बचा तास आला की फळ्यावर डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी असा तक्ता काढू नका. एकच जोडी घ्या आणि ‘स्टोरी’, ‘टाइम’, ‘माइंड’, ‘बेड’ ही नामे मुलांना देऊन वाक्ये त्यांच्याकडूनच काढून घ्या. तासाला एक जोडी झाली तरी पुष्कळ आहे.