घटसर्पामागचा विषाणू

आमच्या वरसे गावच्या घरी ‘घटसर्प’ हा शब्द आजी आजही दबक्या आवाजात उच्चारते. तिचा धाकटा भाऊ त्याच रोगाने गेला. घशात राखाडी पडदा धरला, श्वास कोंडला आणि आठवड्याच्या आत सारे संपले. मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरी या रोगाचे मूळ शोधू लागलो, तेव्हा वाट थेट जीवाणूंच्या रोगापर्यंत गेली.

होय, जीवाणूंनाही विषाणू ग्रासतात. १९१७ साली फेलिक्स डेरेल या शास्त्रज्ञाने त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जीवाणुभक्षक, असे नाव दिले. विषाणूपाशी स्वतःचा कारखाना नसतो. तो जीवाणूचाच कारखाना राबवतो. कसा, ते पाहू.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूवर टी-४ नावाचा विषाणू वाढतो. आपल्या जनुकांबरोबरच तो ‘आल्ट’ नावाचे विकर आत सोडतो. जीवाणूच्या पेशीत एनएडी हे रसायन असतेच. हे विकर ते फोडते आणि त्यातला एडीपी-रायबोज हा तुकडा जनुके वाचणाऱ्या यंत्राच्या प्रथिनाला चिकटवते. मागाहून ‘मॉड-ए’ हे दुसरे विकर उरलेले काम पुरे करते. यंत्र मोडत नाही. फक्त मालक बदलतो. साधारण अर्ध्या तासात जीवाणू फुटतो व नवे विषाणू बाहेर पडतात. याच विषाणूचे ‘मॉड-बी’ हे विकर तर आरएनएची अख्खी साखळीच प्रथिनाला जोडू शकते, असे २०२३ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवले.

आता घटसर्पाकडे वळू. त्याचे सगळेच जीवाणू विषारी नसतात. विशिष्ट विषाणूची लागण झाली की निरुपद्रवी जीवाणूही विष तयार करू लागतात, हे १९५१ साली अमेरिकेत फ्रीमन यांनी दाखवून दिले. विषाचे जनुक मुळात विषाणूचे असते! आणि ते विषही एक विकरच असून त्याची करणी तीच आहे. आपल्या पेशीतील एनएडी फोडून त्यातला तोच तुकडा ते प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेच्या एका घटकाला चिकटवते. प्रथिने बनणे थांबते, पेशी मरते. अशा मृत पेशी साचूनच घशात पडदा धरतो.

लसीत हेच विष फॉर्मॅलिनने निष्प्रभ करून घातलेले असते. शरीर ते ओळखून ठेवते आणि पुढे खरे विष आले, तर पेशीत शिरण्यापूर्वीच त्याला अडवते.

हे सारे आजीला सोपे करून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वहिनीला सांग रे, बाळाची सुई चुकवू नको म्हणावं.”