शिक्षकाची सहनशक्ती आणि दिवसाची आखणी

विहिरीचे पाणी रोज सारखे नसते, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. वैशाखात विहिरीला तासाभराचेच पाणी असेल, तर तो तेवढेच उपसतो आणि पाझर भरून येईपर्यंत थांबतो. मनाच्या शक्तीविषयी मात्र सुशिक्षित मनुष्यही असा हिशेब ठेवीत नाही. कंबरदुखीने, संधिवाताने, अर्धशिशीने किंवा घरच्या विवंचनेने ग्रासलेला शिक्षक कालच्याइतकेच धैर्य आज आपल्यापाशी आहे, असे गृहीत धरून वर्गात जातो. दुपारी ते संपते. आणि ते संपल्याचे प्रथम कळते, ते तिसऱ्यांदा चुकलेल्या मुलास. म्हणून हा विषय शिक्षकाच्या प्रकृतीइतकाच अध्यापनाचाही आहे.

दुखणे आणि मन

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस जुनाट वेदना म्हणतात. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की, वेदनेचे संदेश मज्जारज्जूतून जसेच्या तसे पुढे जात नाहीत. तेथे जणू एक दार असते आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते दार कमीअधिक उघडतात. या उपपत्तीच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. परंतु चिंता, थकवा व मनःस्थिती यांचा वेदनेवर परिणाम होतो, हे सूत्र टिकून राहिले. दुखणे काल्पनिक असते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे.

वेदना लक्ष स्वतःकडे ओढून घेते. राग आवरणे, अडखळते उत्तर शांतपणे ऐकून घेणे, यांसही लक्षच लागते. त्यात रात्रीची झोप मोडली, की दुसऱ्या दिवशी दुखणे अधिक जाणवते. ज्या चुकीवर शिक्षक सोमवारी हसला, तिच्यावरच गुरुवारी तो संतापतो. चूक तीच असते; शिल्लक कमी झालेली असते.

दिवसाची आखणी

१. परिपाठापूर्वी क्षणभर थांबून आजचे बळ अजमावावे व टाचणवहीच्या कडेला 'पुरेसे', 'बेताचे' किंवा 'थोडे' असा एक शब्द लिहावा. महिनाभरात कोणत्या दिवशी व कशामुळे बळ घटते, हे आपोआप ध्यानात येते.

२. दुखू लागल्यावर बसण्यापेक्षा घड्याळाकडे पाहून बसावे. चाळीस मिनिटे उभे राहिल्यावर कंबर दुखत असेल, तर तिसाव्या मिनिटासच बसावे. ही मर्यादा सावकाश, आठवड्या-आठवड्याने वाढवावी.

३. बऱ्या दिवशी विशेष सावध असावे. त्या दिवशी तुंबलेल्या सर्व वह्या तपासणे, पोषण आहाराची नोंदवही पूर्ण करणे आणि घरची साफसफाईही उरकणे, असा मोह होतो. त्याची किंमत पुढील दोन-तीन दिवस मोजावी लागते.

४. 'थोडे' बळ असलेल्या दिवसासाठी एक टाचण आधीच तयार ठेवावे. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र असतात. तेथे मूकवाचन, जोडीने पाढे, चित्रवर्णन, मोठ्या मुलांनी लहानांस वाचून दाखविणे, अशी कामे बसूनही चालविता येतात. अवघड नवा घटक मात्र त्या दिवशी काढू नये.

५. सहकाऱ्यास व मुलांस थोडक्यात सांगावे. "आज माझी कंबर दुखते आहे, मी बसून शिकवणार आहे," एवढे वाक्य पुरते. न सांगितल्यास शिक्षकाच्या चेहऱ्यावरील आठी आपल्यामुळेच आहे, असे मूल समजते.

मर्यादा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. वेदना हे रागाचे कारण असू शकेल. ते त्याचे समर्थन होऊ शकत नाही. राग चढत आहे असे वाटताच खडू खाली ठेवावा, पाणी प्यावे आणि मुलांस दोन मिनिटे लेखनास लावावे. तरीही कठोर शब्द निघून गेलाच, तर तो ज्या वर्गासमोर निघाला, त्याच वर्गासमोर परत घ्यावा.

मुलांचेही बळ असेच कमीअधिक होते. उपाशी आलेले, रात्री घरातील भांडणामुळे जागलेले किंवा कान दुखणारे मूल आळशी दिसते. स्वतःचे बळ अजमाविण्याची सवय झालेला शिक्षक हा भेद लवकर ओळखतो.

दुखण्यासोबत पायांत बधिरता किंवा अशक्तपणा आल्यास, अथवा लघवीवरील ताबा गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. उदासीनता हटत नसेल, तर १४४१६ या 'टेलिमानस' दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. तेथे बोलण्यात कमीपणा मानू नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात सर्वाधिक धैर्य कोणत्या तासिकेस लागते? ती तासिका दिवसात कोठे आहे?

२. 'थोड्या' बळाच्या दिवसासाठी आपल्या इयत्तांचे एक टाचण तयार करा.

३. सहकारी दुखण्याने त्रस्त असता त्याचे कोणते काम आपण घेऊ शकाल, आणि त्याच्या बऱ्या दिवशी आपले कोणते काम त्याच्याकडे द्याल?